‘पिक्चर्स’ डी ड्राइव्हवर नेताना: बडोद्यातल्या एका घरचं प्रकरण

दांडिया बाजारातल्या एका जुन्या वाड्यातून फोन आला, तेव्हा काकांची तक्रार सरळ होती. स्कॅन केलेले फोटो सी ड्राइव्हवर साठतात, सी ड्राइव्ह भरून लाल झालाय, डी ड्राइव्ह सगळा मोकळा पडलाय आणि सेटिंगमध्ये डी निवडूनही फोटो काही तिकडे जात नाहीत. ‘मी त्याला डी सांगितलाय रे, पण तो ऐकतच नाही,’ हे त्यांचे शब्द. मी रावपुऱ्यात कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम करतो आणि ही तक्रार मला नवी नाही. तरी हे प्रकरण सविस्तर लिहितोय, कारण फोटो साठवण्याची जागा बदलताना जेवढे गोंधळ होऊ शकतात, ते जवळपास सगळे या एका घरात एकदम सापडले. शिवाय ते फोटो पुन्हा काढता येण्यासारखे नव्हते.

काकांचे वडील बडोदा संस्थानच्या शिक्षण खात्यात नोकरीला होते. १ मे १९४९ रोजी संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं, त्याच्या आधीचे आणि नंतरचे असे घरातले चार जाडजूड अल्बम. लग्नं, मुंजी, सूरसागरच्या काठावर उभं राहून काढलेले घोळक्याचे फोटो, शाळा तपासणीच्या दौऱ्यातले फोटो. काही फोटोंचा चंदेरी थर कडेनं काळवंडायला लागला होता. काकांनी निवृत्तीनंतर स्कॅनर घेतला आणि एकेक फोटो काढून, पुसून, स्कॅन करून परत जागेवर लावायचं काम सुरू केलं. काकू मागच्या बाजूला लिहिलेली नावं वाचून वहीत उतरवायच्या. सुमारे सातशे फोटो झाले होते.

आता जागेचं गणित बघू, म्हणजे सी ड्राइव्ह का भरला ते कळेल. काका पोस्टकार्ड आकाराचा, म्हणजे चार बाय सहा इंचांचा फोटो ६०० डीपीआयवर टिफ प्रकारात साठवत होते. ६०० डीपीआय म्हणजे एका इंचात ६०० ठिपके. म्हणजे २४०० गुणिले ३६००, एकूण ८६ लाख ४० हजार ठिपके, आणि रंगीत स्कॅनमध्ये प्रत्येक ठिपक्याला ३ बाइट. एक फोटो जवळपास २६ एमबीचा झाला. सातशे फोटोंचे १८ जीबी. त्यांच्या कॉम्प्युटरची सी ड्राइव्ह १२८ जीबीची एसएसडी होती, जी विंडोजच्या मोजणीत ११९ जीबीच दिसते. त्यात विंडोज ११, त्याचे अपडेट्स, ऑफिस, मुलानं बसवून दिलेली दोन-तीन सॉफ्टवेअर्स. शेजारी १ टीबीची हार्ड डिस्क डी म्हणून लावलेली, ९३१ जीबी, जवळजवळ रिकामी. दुकानदारानं यंत्र चांगलं जोडून दिलं होतं. फक्त फोटो कुठे जाणार, हे कुणी ठरवून दिलेलं नव्हतं.

टिफऐवजी जेपीजीमध्ये साठवा, जागा वाचेल, असं त्यांना कुणीतरी सुचवलं होतं. या कामाला मला ते पटत नाही. जेपीजी फाइल लहान करण्यासाठी चित्रातला तपशील कायमचा टाकून देते. नातेवाइकांना पाठवायची प्रत जेपीजी असायला हरकत नाही, पण मूळ प्रत टिफच असावी. जागेची अडचण जागा बदलून सोडवायची.

मी गेल्यावर पहिली गोष्ट केली ती म्हणजे काहीही न बदलता फोटो नेमके कुठे आहेत ते शोधणं. घाई झालेली माणसं ही पायरी हमखास गाळतात. सी ड्राइव्हवर टिफ फाइल्सचा शोध लावला आणि फोटो एका जागी नव्हे, तीन जागी सापडले.

पहिली जागा काकांच्या युजर फोल्डरमधलं साधं ‘पिक्चर्स’. स्कॅनरबरोबर आलेलं सॉफ्टवेअर फोटो तिथे टाकत होतं. दुसरी जागा वनड्राइव्हच्या, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेटवर फाइल्स ठेवायच्या सोयीच्या, फोल्डरच्या आतलं ‘पिक्चर्स’, त्यात ‘स्कॅन्स’ नावाचं फोल्डर. मुलानं पुण्याहून फोनवर विंडोजचं स्कॅन ॲप वापरायला सांगितलं होतं, ते तिथे साठवत होतं. तिसरी जागा ‘डॉक्युमेंट्स’मधलं ‘स्कॅन्ड डॉक्युमेंट्स’. मधल्या काळात काकांनी विंडोजचं जुनं फॅक्स अँड स्कॅन वापरून पाहिलं होतं, त्याची ती ठरलेली जागा.

आणि डी ड्राइव्हवर काकांच्या युजरनेमचं एक फोल्डर होतं, त्यात ‘पिक्चर्स’, त्यात ‘कॅमेरा रोल’, आणि त्यात एकच फोटो. वेबकॅमसमोर बसलेले काका, चष्मा कपाळावर.

त्या एका फोटोनं ‘तो ऐकत नाही’चं कोडं सुटलं. काकांनी सेटिंग्ज, सिस्टिम, स्टोरेज, तिथून प्रगत सेटिंग्जमध्ये जाऊन ‘नवीन मजकूर कुठे साठवायचा’ या ठिकाणी नव्या फोटो-व्हिडिओंसाठी डी निवडला होता. विंडोजनं ते ऐकलंही. डीवर नवं फोल्डर तयार केलं आणि कॅमेरा ॲपचे फोटो तिकडे वळवले. पण ही सेटिंग ‘पिक्चर्स’ या मूळ फोल्डरला जागेवरून हलवत नाही. कॅमेऱ्यासारखी विंडोजची आपली ॲप्स तिला मानतात, स्कॅनर कंपनीचं सॉफ्टवेअर तिच्याकडे बघतही नाही. सेटिंगचं नाव वाचून कुणालाही वाटेल की आता सगळं डीवर जाईल. काकांना तसं वाटलं यात त्यांचं काही चुकलं नाही.

इथे थोडं आतलं सांगायला हवं. ‘पिक्चर्स’, ‘डॉक्युमेंट्स’, ‘डाउनलोड्स’ ही विंडोजची खास ओळख असलेली फोल्डर्स आहेत. त्यांचा खरा पत्ता विंडोज प्रत्येक युजरसाठी आपल्या रजिस्ट्रीत, म्हणजे आतल्या नोंदवहीत, लिहून ठेवतं. नीट लिहिलेलं सॉफ्टवेअर साठवायच्या वेळी विंडोजला विचारतं, ‘पिक्चर्स सध्या कुठे आहे?’ आणि मिळालेल्या पत्त्यावर फाइल टाकतं. पण काही सॉफ्टवेअर्स पहिल्या दिवशी पत्ता विचारून तो आपल्या सेटिंगमध्ये कायमचा लिहून ठेवतात. घर बदललं की ओळखीची माणसं फोन करून नवा पत्ता विचारतात, पण ज्यानं जुना पत्ता डायरीत उतरवून ठेवलाय तो जुन्याच दारात जाऊन उभा राहतो, तसंच हे.

काकांच्या घरी अगदी हेच झालं होतं. स्कॅनर बसवला तेव्हा ‘पिक्चर्स’ साध्या जागी होतं, तो पत्ता स्कॅनरच्या सॉफ्टवेअरनं लिहून ठेवला. पुढे कधीतरी वनड्राइव्हनं ‘तुमच्या फोल्डर्सचा बॅकअप घेऊ का?’ असं विचारलं आणि घरातल्या कुणीतरी ‘हो’ म्हटलं. हा बॅकअप चालू झाला की ‘पिक्चर्स’चा पत्ताच बदलून वनड्राइव्हच्या फोल्डरच्या आत जातो. एक्सप्लोररच्या डाव्या पट्टीतलं ‘पिक्चर्स’ दाबलं की आता ते नवं फोल्डर उघडत होतं आणि स्कॅनरचं सॉफ्टवेअर मात्र जुन्यात फोटो टाकत होतं. काकांना काल स्कॅन केलेले फोटो आज सापडत नसत. म्हणून त्यांनी बरेच फोटो पुन्हा स्कॅन केले होते. अल्बममधून फोटो दुसऱ्यांदा उचकटायचा म्हणजे जुन्या कोपरपट्ट्यांची अवस्था काय होते, हे ज्यांनी हे काम केलंय त्यांना माहीत असेल.

यापेक्षाही गंभीर गोष्ट काकूंनी सांगितली. आदल्या दिवशी वनड्राइव्ह भरल्याची सूचना आली होती. फुकट खात्यात ५ जीबी मिळतात, म्हणजे काकांच्या मापानं जेमतेम १९० फोटो. काकांनी वनड्राइव्हचं संकेतस्थळ उघडलं, तिथे संस्थानकाळातल्या फोटोंचं फोल्डर दिसलं, साठेक फोटो. ही इंटरनेटवरची जादा प्रत आहे, मूळ फोटो कॉम्प्युटरवर आहेतच, असं समजून त्यांनी ते फोल्डर डिलीट केलं. थोड्या वेळानं ते कॉम्प्युटरवरूनही गेलं.

वनड्राइव्हचं काम दोन्ही बाजू सारख्या ठेवणं हे आहे. इथून काढलं की तिथून जातं, तिथून काढलं की इथून जातं. त्यानं त्याचं काम चोख केलं. बॅकअप हा शब्द ऐकल्यावर आपल्या मनात जी वेगळी, सुरक्षित, न हलणारी प्रत येते, ती ही नव्हे. घरातले फोटो सांभाळणाऱ्या प्रत्येकाला मी हे आवर्जून सांगतो, आणि ज्येष्ठ मंडळींना तर दोनदा.

सुदैवानं मध्ये एकच रात्र गेली होती. वैयक्तिक खात्यात काढून टाकलेल्या फाइल्स संकेतस्थळावरच्या रीसायकल बिनमध्ये साधारण ३० दिवस राहतात. पण त्या मुदतीवर विसंबून बसायचं नसतं, कळल्याबरोबर परत आणायचं. डी ड्राइव्हचं काम बाजूला ठेवून आधी ते केलं. साठही फोटो परत आले. मग त्या फोल्डरवर उजवं बटण दाबून ‘नेहमी या डिव्हाइसवर ठेवा’ निवडलं आणि प्रत्येक फाइलवर हिरव्या गोलातली बरोबरची खूण येईपर्यंत थांबलो. नुसतं ढगाचं चिन्ह असेल तर फाइल दिसते खरी, पण ती इंटरनेटवर असते, तुमच्या डिस्कवर तिचं फक्त नाव असतं.

तोवर काकूंनी चहा आणि लोचो आणला. लोचो मूळ सुरतेचा, पण बडोद्याच्या मराठी घरांतही आता तो पोह्यांइतकाच सवयीचा झालाय. काका मात्र फोटो परत दिसेपर्यंत बशीला हात लावायला तयार नव्हते.

यानंतर तिन्ही जागचे फोटो डीवर आणायचे. इथे एक सापळा होता आणि तो मला या सगळ्या प्रकरणातला सर्वांत धोक्याचा वाटतो. स्कॅन करणारी बरीच सॉफ्टवेअर्स स्वतःच फाइलला नाव देतात, स्कॅन ०००१, ०००२ असं, आणि नव्या फोल्डरमध्ये पुन्हा एकपासून मोजायला लागतात. त्यामुळे वेगवेगळ्या जागी एकाच नावाच्या फाइल्स होत्या, पण आत फोटो भलतेच. एका ठिकाणच्या ०००१ मध्ये आजीचं लग्न, दुसऱ्या ठिकाणच्या ०००१ मध्ये काकांची मुंज. सगळे एका फोल्डरमध्ये ओतले की विंडोज विचारतं, आधीची फाइल बदलायची का? वैतागलेला माणूस ‘सगळ्यांसाठी हो’ म्हणतो आणि आजीचं लग्न पुसलं जातं, तेही रीसायकल बिनमध्ये न जाता. म्हणून डीवर ‘मूळ स्कॅन’ नावाचं एक फोल्डर केलं, त्यात तीन जागांसाठी तीन उपफोल्डर्स, आणि प्रत्येकात त्या-त्या जागचे फोटो कॉपी केले. कट करून पेस्ट केलं नाही. कॉपी झाल्यावर दोन्हीकडच्या फोल्डर्सच्या प्रॉपर्टीज उघडून फाइलींची संख्या आणि एकूण बाइट्स ताडून पाहिले. दोन्ही आकडे तंतोतंत जुळल्याशिवाय पुढे जायचं नाही.

मग वनड्राइव्हच्या सेटिंग्जमध्ये जाऊन ‘पिक्चर्स’चा बॅकअप थांबवला. हे ‘पिक्चर्स’ हलवायच्या आधीच करायचं. दोघांनी एकाच फोल्डरचा पत्ता आपापल्या दिशेनं ओढायला नको. बॅकअप थांबवताना फाइल्स कुठे राहतील याबद्दलचा मजकूर नीट वाचावा, कारण वनड्राइव्हच्या आवृत्तीप्रमाणे तो बदलतो. काकांच्या यंत्रावर फोटो वनड्राइव्हच्याच फोल्डरमध्ये राहिले आणि साधं ‘पिक्चर्स’ पुन्हा युजर फोल्डरमधल्या जुन्या पत्त्यावर आलं. नवशिक्याला इथे सगळं गेल्यासारखं वाटतं. गेलेलं नसतं.

प्रत्यक्ष जागा बदलणं हे यातलं सगळ्यात छोटं काम. डीवर आधी एक नवं, रिकामं फोल्डर करायचं. एक्सप्लोररमध्ये ‘पिक्चर्स’वर उजवं बटण, प्रॉपर्टीज, वर ‘लोकेशन’ नावाचा टॅब, तिथे ‘मूव्ह’, ते नवं फोल्डर निवडायचं, ‘अप्लाय’. जुन्या जागेवरच्या सगळ्या फाइल्स नव्या जागी हलवू का, असं विंडोज विचारतं. थोडेच फोटो असतील तर ‘हो’ म्हणायला हरकत नाही. आम्ही ‘नाही’ म्हटलं, कारण प्रती आधीच डीवर जाऊन पडताळून झाल्या होत्या. बडोद्यात पावसाळ्यात वीज कधी जाईल सांगता येत नाही, आणि हलवताहलवता वीज गेली की अर्धे फोटो इथे, अर्धे तिथे.

‘मूव्ह’ करताना दोन गोष्टी टाळायच्या. डी ड्राइव्ह स्वतःच निवडायची नाही, तिच्यातलं एखादं फोल्डर निवडायचं. सबंध ड्राइव्हलाच ‘पिक्चर्स’ केलं, तर पुढे मूळ जागी परत जाताना विंडोज त्या ड्राइव्हवरचं यच्चयावत सगळं सीवर आणू पाहतं. आणि ‘पिक्चर्स’ व ‘डाउनलोड्स’ या दोघांना एकच फोल्डर द्यायचं नाही. मग ती वेगळी करता येत नाहीत, तशी सूचना विंडोज स्वतः देतं. तिला मान द्यावा.

काकांनी त्या फोल्डरला मराठीत ‘घरचे फोटो’ असं नाव दिलं होतं. बदल झाल्यावर एक्सप्लोररमध्ये ते ‘पिक्चर्स’ या नावानं दिसू लागलं आणि काका हिरमुसले. खरं नाव पुसलेलं नसतं, वरच्या पत्त्याच्या पट्टीत रिकाम्या जागी क्लिक केलं की दिसतं. त्यांना ते दाखवलं तेव्हा बरं वाटलं.

‘पिक्चर्स’ हलल्याबरोबर त्याच्या आतली ठरलेली फोल्डर्स आपोआप मागे आली. विंडोजचं बटण आणि प्रिंट स्क्रीन एकत्र दाबून घेतलेला स्क्रीनशॉट ‘पिक्चर्स’मधल्या ‘स्क्रीनशॉट्स’मध्ये जातो, तो डीवर गेला. स्कॅन ॲपमध्ये साठवायची जागा उघडून पाहिली आणि नवी निवडली. राहिलं ते जुना पत्ता लिहून ठेवणारं स्कॅनरचं सॉफ्टवेअर. त्याच्या सेटिंगमध्ये साठवण्याचं फोल्डर हाताने बदलावं लागलं. फॅक्स अँड स्कॅन काकांना पुन्हा वापरायचंच नव्हतं, ते सोडून दिलं.

ब्राउझरचा मामला वेगळाच. भाचेमंडळी व्हॉट्सॲप वेबवर जुने फोटो पाठवायची, ते ‘डाउनलोड्स’मध्ये जात, कारण ब्राउझर ‘पिक्चर्स’चा विचारच करत नाही. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये ‘डाउनलोड्स’ या भागात जागा बदलता येते. पण काकांसाठी मी तिथलीच दुसरी सोय चालू केली, प्रत्येक फाइल कुठे साठवायची ते आधी विचारणारी. रोज शंभर फाइल्स उतरवणाऱ्याला ती कटकट वाटेल. नातेवाइकांकडून आलेला एकेक फोटो जपून ठेवणाऱ्याला तो प्रश्न हवाच.

सगळं झाल्यावर काकांनी एकच फोटो तिन्ही मार्गांनी साठवून पाहिला: स्कॅनरचं सॉफ्टवेअर, स्कॅन ॲप, ब्राउझर. तिन्ही डीवर उतरले. सीवरचे जुने फोटो त्या दिवशी पुसले नाहीत. आधी बाहेरच्या यूएसबी हार्ड डिस्कवर ‘मूळ स्कॅन’ची दुसरी प्रत करून ती डिस्क काढून कपाटात ठेवली. डी ही शेवटी एक फिरणारी हार्ड डिस्क आहे, ती बंद पडू शकते. सीवरून डीवर नेल्यानं सीला श्वास मिळतो, पण फोटोंची प्रत एकच राहते. आणि ती यूएसबी डिस्क ‘पिक्चर्स’ची कायमची जागा म्हणून निवडायची नाही, हेही काकांना सांगून ठेवलं. डिस्क काढली, किंवा पुढच्या वेळी तिला वेगळं अक्षर मिळालं, की विंडोजला ‘पिक्चर्स’ सापडत नाही.

तीन उपफोल्डर्समधले दुहेरी फोटो निवडायचं काम काका-काकूंनी स्वतः अंगावर घेतलं. त्यासाठी नावांची पद्धत ठरवायची होती. काकांनी मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीचं उदाहरण काढलं. सयाजीराव महाराजांनी १९१० साली विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्यात आणलं आणि त्यानं इथल्या ग्रंथालयांसाठी वर्गीकरणाची वेगळी पद्धत बसवली. काकांचे वडील तिथे नेहमी जात. फोल्डर कुठल्या ड्राइव्हवर आहे याहून आत कसं लावलंय हे पुढच्या पिढीला जास्त लागेल, हे त्यांचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे. त्यांनी ठरवलेलं नाव असं: आधी वर्ष, मग अल्बमचा क्रमांक, मग पान, मग प्रसंग. वर्ष पुढे असल्यानं विंडोज आपोआप काळाच्या क्रमानं लावतं. वर्ष माहीत नसेल तिथे काकू दशक लिहितात. फाइलचं नाव आणि काकूंच्या वहीतली नोंद एकमेकींना जुळतात.

आठवड्याभरानं सीवरचे जुने फोटो काढून टाकले आणि १८ जीबी मोकळे झाले. वनड्राइव्हच्या फोल्डरमधले काढण्याआधी काकांनी मला मुद्दाम फोन करून विचारलं की हे तिथूनही जातील ना. जातील, आणि या वेळी जाऊ द्यायचे आहेत, असं मी सांगितलं.

मागाहून एक गोष्ट निघाली. काकूंचं त्याच कॉम्प्युटरवर वेगळं लॉगिन आहे, त्यात त्या रांगोळ्यांचे आणि पाककृतींचे फोटो साठवतात. त्यांचे फोटो अजून सीवरच जात होते. ‘पिक्चर्स’चा पत्ता प्रत्येक युजरचा वेगळा असतो, त्यामुळे त्यांच्या लॉगिनमध्ये जाऊन हेच पुन्हा केलं, डीवर त्यांच्या नावाचं स्वतंत्र फोल्डर करून.